आयर्लंडचा नाताळ, विहीणबाईंच्या घरी

लेकीचं सासर आयर्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, केरी काउंटीत, डिंगल गावाच्याही पुढे वेंट्रीजवळ आहे. लग्न झाल्यापासून विहीणबाईंचं एकच म्हणणं होतं, "उन्हाळ्यात सगळं जग येतं इथे. तुम्ही नाताळला या, आणि सहा जानेवारी झाल्याशिवाय परत जायचं नाव काढू नका." यंदा तो योग आला. मी कोकणातली. सणाला घरची माणसं येण्याचं मोल आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरीही या लोकांनी आपला सण ज्या मायेनं जपलाय, ते बघून मी भारावून गेले.

१९ डिसेंबर, डब्लिन

विमानतळावरच सणाला सुरुवात झाली. बाहेर पडायच्या दाराशी एक गायकवृंद नाताळची गाणी म्हणत होता आणि कठड्याला रेलून आजी, आजोबा, काक्या, चिल्लीपिल्ली उभी होती. मुलांच्या हातात रंगीत खडूंनी रंगवलेले फलक. सिडनी, टोरांटो, बॉस्टन, दुबई अशा सगळ्या दिशांनी पोरं घरी येत होती. काचेचं दार सरकलं की गर्दीतलं कुणीतरी किंचाळायचं आणि कठड्याखालून वाकून पुढे धावायचं. जावई म्हणाला, "हे दृश्य दरवर्षी बातम्यांत दाखवतात आणि आमची आई दरवर्षी टीव्हीसमोर डोळे पुसते." पंचवीस तारखेला इथे एकही विमान उतरत नाही, विमानतळ चक्क बंद असतो. चोवीसपर्यंत जो पोचला, तोच सणाला घरी.

२० आणि २१ डिसेंबर, न्यूग्रेंज

वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीनंतरचा सूर्योदय बघायला आम्ही मीथ काउंटीत बॉयन नदीच्या खोऱ्यात गेलो. न्यूग्रेंज हा इ.स.पू. ३२०० च्या सुमारास उभारलेला दगडमातीचा प्रचंड उंचवटा आहे. गिझाच्या पिरॅमिडांहून आणि स्टोनहेंजहूनही जुना. नाताळाशी याचा थेट संबंध काही नाही. पण या बेटावरची माणसं डिसेंबरच्या अंधारात उजेडाची वाट कधीपासून बघतायत, हे कळायला इथे यावंच लागतं, असं माझं मत झालं.

वीस तारखेला दुपारी आत जाऊन आलो. १९ मीटर लांबीची चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना उभ्या शिळा, काही ठिकाणी अंग चोरून सरकावं लागतं. शेवटी दालन. त्याचं छप्पर दगडावर दगड थोडाथोडा पुढे सरकवत नेऊन वर मिटवलंय. चुना नाही, आणि पाच हजार वर्षांत पावसाच्या या देशात ते गळलेलं नाही. एका शिळेवर एकमेकांत गुंतलेली तीन वलयं कोरली आहेत. वाटाड्या मुलीनं दिवे घालवले आणि विजेच्या दिव्यानं तो किरण कसा येतो, ते दाखवलं.

खरा किरण १८ ते २३ डिसेंबरच्या सकाळी येतो. प्रवेशद्वाराच्या वर दगडांची एक खिडकी ठेवलेली आहे. नऊला दोनएक मिनिटं असताना सूर्य तिच्यातून आत शिरतो, जमिनीवरून सरकत दालनापर्यंत जातो आणि सुमारे १७ मिनिटं थांबून मागे फिरतो. आत मोजकीच माणसं मावतात, म्हणून सोडत काढतात. हजारो अर्ज येतात. आमचं नाव निघालं नव्हतं, पण बाहेर उभं राहायला कुणाची आडकाठी नव्हती.

एकवीसला अंधारातच पोचलो. माणसं घोंगड्या गुंडाळून, थर्मास घेऊन उभी होती. कुणी डफासारखा बोड्रान वाजवत होतं. आकाश ढगाळ होतं. मग टेकडीच्या कडेला एक फट उजळली आणि ऊन पांढऱ्या गारगोटीच्या भिंतीवर येऊन आदळलं. सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी अनोळखी असूनही माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आता दिवस मोठा व्हायला लागला."

मला सर्वांत भावलं ते वेगळंच. इथल्या खेडुतांत पूर्वापार बोललं जायचं की, वर्षातल्या एका दिवशी ऊन आतल्या त्या तीन वलयांपर्यंत पोचतं. उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी हे मनावर घेतलं आणि २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ते एकटे आत जाऊन बसले. ठरल्या वेळी किरण आला! वाट दगडमातीखाली कितीतरी शतकं दडलेली होती. तरी लोकांच्या तोंडची गोष्ट खरी निघाली.

२२ डिसेंबर, डब्लिन

ग्राफ्टन स्ट्रीटवर रस्त्याच्या डोक्यावर दिव्यांनी आयरिश भाषेतल्या शुभेच्छा लिहिल्या होत्या: नॉलग होना ग्विट. खरेदीची झुंबड होती. तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ती सगळीकडे सारखीच असते. नातीला पार्नेल स्क्वेअरमधला हलत्या बाहुल्यांचा देखावा दाखवला. येशूच्या जन्माची गोष्ट सांगणारा हा जुना देखावा बघायला डब्लिनमधली आजीआजोबा मंडळी नातवंडांना घेऊन येतात, कारण त्यांनाही त्यांच्या आजोबांनीच आणलेलं असतं.

मग लिफी नदीच्या काठानं कस्टम हाउस कीपर्यंत चालत गेलो. तिथे दुष्काळाचं स्मारक आहे. रोवन गिलेस्पी या शिल्पकारानं १९९७ मध्ये केलेल्या ब्राँझच्या मूर्ती, हाडाचा सापळा झालेली, बोचकी छातीशी धरून बंदराकडे निघालेली माणसं. एकाच्या खांद्यावर निपचित पडलेलं मूल. मागून एक कुत्रा. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावर करपा पडला. आणि इंग्रज सरकारच्या डोळ्यांदेखत धान्य देशाबाहेर जात राहिलं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच बोटींवर चढली. १८४१ मध्ये ८० लाखांवर असलेली बेटाची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. पुढे शंभर वर्षं पोरं जातच राहिली. कुणीतरी त्या मूर्तींच्या पायाशी हॉलीची काटेरी पानं आणि लाल फळं ठेवून गेलं होतं. विमानतळावरच्या त्या किंकाळ्या आणि धावाधाव मला इथे कळली.

२४ डिसेंबर, वेंट्री

डब्लिनहून गाडीनं लिमरिक, ट्रली करत डिंगलला यायला पाच तास लागतात. आज जास्तच लागले, कारण अख्खा देश आपापल्या गावी निघालेला. डिंगलच्या पुढे रस्त्यावरच्या पाट्या फक्त आयरिश भाषेत आहेत. हा आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख, विहीणबाई आणि व्याही घरात तीच भाषा बोलतात आणि माझ्याशी इंग्रजी.

चार वाजून गेल्यावर दिवस मावळायला लागतो. विहीणबाईंनी नातीला हाक मारली. खिडकीच्या कट्ट्यावर लाल रंगाची जाडजूड मेणबत्ती, तिच्या बुंध्याला हॉलीची डहाळी. रीत अशी की ही मेणबत्ती घरातल्या सर्वांत लहान माणसानं पेटवायची. नातीनं दोन्ही हातांनी लांब काडी धरली, आजीनं तिच्या मनगटाला आधार दिला, आणि वात धरेपर्यंत घरात कुणी बोललं नाही. मग व्याह्यांनी आयरिशमध्ये छोटीशी प्रार्थना म्हटली आणि एकेक करून घराच्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागले. बाकीच्या खिडक्यांत आता विजेच्या मेणबत्त्या असतात. पडदे पेटायची धास्ती नको म्हणून. पूर्वी कोरलेल्या सलगमात मेणबत्ती रोवत. वाणी आपल्या गिऱ्हाइकांना नाताळाची भेट म्हणून अशी मोठी मेणबत्ती देत असे.

बाहेर अंगणात गेलो. डोंगरउतारावर जिथे जिथे घर, तिथे तिथे खिडक्यांत दिवे. येशूच्या जन्माच्या रात्री त्याच्या आईवडिलांना, मेरी आणि जोसेफ यांना, कुठे थारा मिळाला नव्हता. आमच्याकडे या, दार उघडं आहे, हे सांगायला हा दिवा. कॅथलिक धर्मावर कायद्यानं बंधनं होती त्या काळात या घरात प्रार्थना सांगायला या, धोका नाही, अशी ती पाद्र्यांना खूण असे, असंही सांगतात. रात्री जेवण झाल्यावर टेबल पुसून त्यावर मनुका घातलेला पाव आणि दुधाचा जग ठेवायचा आणि दाराला कडी लावायची नाही, ही रीत विहीणबाई अजून पाळतात.

१९९० मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा लावला, जगभर गेलेल्या आयरिश लेकरांसाठी. पुढच्या राष्ट्राध्यक्षांनीही तो तेवत ठेवला. हे व्याही सांगत होते तेव्हा विहीणबाई उठून आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. त्यांच्या आईचे भाऊ. तिघेही अमेरिकेला, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला गेले. या किनाऱ्यावरची आणि समोरच्या ब्लास्केट बेटांवरची कितीतरी माणसं त्याच एका शहरात गेली. जाण्याच्या आदल्या रात्री घरी सगळं गाव जमायचं. मयताच्या घरी रात्र जागवतात तशीच ही रात्र जागवायची, कारण बहुतेकांचं पुन्हा तोंड दिसणार नसायचं. मग दर नाताळला 'अमेरिकेचं पत्र' यायचं. त्यात डॉलर. दुकानाची उधारी त्यावर फिटायची. "पत्र आलं नाही तर आजी मेणबत्ती लावायची, पण जेवायची नाही," विहीणबाई म्हणाल्या.

माझी लेक पलीकडे भांडी विसळत होती. मी काही बोलले नाही. विहीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

जेवण उपासाचं, म्हणजे मटण-चिकन वर्ज्य आणि मासा चालतो. कॉडच्या जातीचा खारवलेला मोठा मासा रात्रभर भिजत घातला होता. तो उकडून त्यावर कांद्याचं पांढरं दुधाळ सार आणि बाजूला फुटलेले पिठूळ बटाटे. लेकीच्या पिढीत हा मासा फार कुणी शिजवत नाही. मी दोनदा वाढून घेतला. खारवलेल्या मासळीची चव ज्याच्या जिभेवर लहानपणापासून आहे, त्याला हे जेवण परकं वाटूच शकत नाही.

२५ डिसेंबर

सकाळी चर्चमध्ये आयरिश भाषेतली प्रार्थना. ती संपल्यावर लोक घरी न जाता बाजूच्या दफनभूमीत शिरले. प्रत्येक घरानं आपल्या माणसाच्या दगडापाशी हॉलीचं चक्र ठेवलं. व्याह्यांनी आपल्या वडिलांच्या दगडावरचं शेवाळ बोटानं खरवडलं, त्यांना दोन वाक्यं सांगितली आणि टोपी घातली. या दिवशी बस नाही, रेल्वे नाही, पब बंद. रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

जेवण दुपारी तीनच्या सुमारास. टर्की आणि हॅम, दोन्ही हवेतच. बटाटे भाजलेले आणि घोटलेले, तेही दोन्ही. कोबीचे चिमुकले गड्डे. प्रत्येकाच्या ताटाशी फटाकडीसारखी एक कागदी नळकांडी. दोघांनी दोन टोकं ओढायची, ती फुटते, आत कागदी मुकुट निघतो. तो डोक्यावर घालून जेवायचं, अगदी पंच्याऐंशीच्या आत्याबाईंनीसुद्धा. पुडिंग नोव्हेंबरातच करून, कपड्यात बांधून ठेवलेलं. व्याह्यांनी त्यावर गरम व्हिस्की ओतली, दिवे घालवले आणि काडी लावली. निळी ज्योत पुडिंगभर पळाली. संध्याकाळ फोनवर गेली. बॉस्टन, पर्थ, शेवटी कुडाळ.

२६ डिसेंबर, डिंगल

हा दिवस चुकवला असता तर इतक्या लांब येण्याला काही अर्थ नव्हता.

सव्वीसला सेंट स्टीफनचा सण. डिंगलमध्ये त्याला लॉ अन ड्रोलीन म्हणतात, म्हणजे रेनचा दिवस. रेन हा इथला जेमतेम दहा ग्रॅम वजनाचा तपकिरी पक्षी, शेपटी उभारून कुंपणाच्या झुडपांत लपणारा. पूर्वी पोरं सकाळी त्याला मारून, काठीला बांधून, सजवून दारोदार फिरत आणि गात: 'पक्ष्यांचा राजा काटेरी झुडपात सापडला, त्याला पुरायला पैसा द्या.' आता खरा पक्षी कुणी मारत नाही. काठीवर लाकडाचा नाहीतर कापडाचा असतो.

इतक्याशा जिवावर एवढा राग का? डिंगलमध्ये मी ज्याला विचारलं त्यानं वेगळी गोष्ट सांगितली. सेंट स्टीफन झुडपात लपला असताना या पक्ष्यानं चिवचिव करून त्याला पकडून दिलं. आयरिश सैनिक अंधारात शत्रूच्या तळावर चालून जात असताना हा ढोलावरचे पावाचे कण टिपायला बसला, चोचीच्या टकटकीनं शत्रू जागा झाला. आणि राजा कसा? सर्वांत उंच उडेल तो राजा अशी पैज लागली, गरुड उडून उडून थकला, आणि त्याच्या पिसांत लपलेला रेन तिथून वीतभर वर उडाला.

बारा वाजायच्या आत आम्ही जावयाच्या मित्राच्या खळ्यात गेलो. तिथे चाललेली तयारी मी डोळे भरून पाहिली. ओटचं लांब काड, खास यासाठी राखून ठेवलेलं. यंत्रानं कापलं तर ते तुटतं, म्हणून थोडं शेत हातानं कापतात. मुठीमुठीनं जुड्या करून त्या दोरीवर गुंफायच्या. अशी एक झालर कमरेला, एक खांद्याला आणि डोक्यावर काडाचाच उंच शंकू, थेट हनुवटीपर्यंत. एक मुलगा मधोमध हात पसरून उभा आणि दोन बायका त्याच्याभोवती फिरत गाठी मारतायत. एक म्हातारबुवा खुर्चीत बसून सूचना करत होते: घट्ट नको, नाचायचंय त्याला! शंकू चढला आणि तो मुलगा नाहीसा झाला. काडाचं एक चालतं बुचडं उरलं. खाली फक्त बूट.

डिंगलमध्ये चार टोळ्या आहेत: ग्रीन अँड गोल्ड, जॉन स्ट्रीट, गोट स्ट्रीट आणि द की. प्रत्येकीचे रंग वेगळे, निशाण वेगळं, आणि निष्ठा जन्मावरून. जावयाचं आजोळ ज्या गल्लीतलं, ती त्याची टोळी. पुढे निशाण, मग पांढऱ्या कापडाची घोडी. तिचा लाकडी जबडा दोरीनं खटखट वाजतो आणि ती पोरींच्या अंगावर धावून जाते. मागे बासऱ्या, बोड्रान, मोठे ढोल. काडाचे बाप्ये, तोंडं काळी केलेले, बायकांचे झगे घातलेले पुरुष, मुखवटे. एरवी ज्याला आपण नावानिशी ओळखतो तोच समोर येऊन ओळख न देता नाचून जातो. मला आमचा शिमगा आठवला. तीच सोंगं, तेच दारोदार फिरून पोस्त मागणं, तीच वाड्यावाड्यांतली चुरस, तोच ढोल पोटात घुमणारा. पाऊस आडवातिडवा कोसळत होता आणि कुणी छत्री उघडली नाही.

पूर्वी हे फक्त पुरुषांचं होतं. आता काडाखालच्या बुटांत बायकांचेही बूट असतात. जमलेले पैसे पूर्वी टोळीच्या जेवणावळीवर आणि पिण्यावर उडत, आता समाजोपयोगी कामाला जातात. धर्मगुरूंनी या प्रथेला नाकं मुरडली, तरणी पोरं परदेशी गेली, देशात बहुतेक ठिकाणी ती विसाव्या शतकात विरत गेली. डिंगलनं सोडली नाही. आणि ते पर्यटकांसाठी चालवतायत असंही नाही. बघ्यांसाठी खुर्च्या नाहीत, मांडव नाही, निवेदक नाही. वाटेत उभे राहिलात तर घोडी तुम्हालाही चावणार. ती मलाही चावली, शालीचा कोपरा धरून ओढत नेलं, आणि मी जॉन स्ट्रीटच्या उतारावर ढोलाच्या तालावर पार खालपर्यंत नाचत गेले. रात्री उशिरापर्यंत टोळ्या एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये वाजवत फिरत होत्या. रस्त्यावर गुडघाभर काड साचलं होतं.

२८ आणि २९ डिसेंबर

अठ्ठावीस हा इथे वर्षातला अवघड दिवस मानतात. येशूच्या जन्मानंतर हेरोद राजानं तान्ह्या मुलांची कत्तल केली त्याची आठवण. आज नवं काम सुरू करायचं नाही. विहीणबाईंनी लोकरीचे नवे टाकेसुद्धा सुईवर घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्ली हेडला गेलो. समोर ब्लास्केट बेटं. मोठ्या बेटावर आता कायमची वस्ती नाही. १९४६ च्या नाताळात तिथला एक तरुण आजारी पडला. समुद्र इतका खवळलेला की डॉक्टर येऊ शकले नाहीत आणि काही दिवसांनी तो गेला. पुढे १९४७ मध्ये बेटावरच्यांनी 'वादळात अडकलोय, अन्न पाठवा' अशी तार पंतप्रधान डी व्हॅलेरांना केली. नोव्हेंबर १९५३ मध्ये सरकारनं बेट रिकामं केलं. व्याही गाडीतून उतरून बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "तुमच्या मुलखातला पंतप्रधान आम्हाला मिळाला, माहीत आहे ना?" माहीत नसेल कसं! लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१९ च्या डिसेंबरअखेरीस, पंतप्रधान असताना, लिओ आईवडिलांबरोबर वराडला येऊन गेले. परगावी गेलेल्यानं सुट्टीत गाव गाठायचं, हे डिंगलच्या माणसाला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

३१ डिसेंबर

आयरिशमध्ये या रात्रीला 'मोठ्या वाट्याची रात्र' म्हणतात. आज पोट भरून जेवायचं म्हणजे वर्षभर वाण पडत नाही. जेवणानंतर व्याह्यांनी टॅबलेट आणला. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगानं प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं होतं: घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा आणि रितीभाती, गोष्टी, औषधं, म्हणी वहीत उतरवून आणा. सुमारे ५,००० शाळांमधल्या ५०,००० मुलांनी ते केलं. आता त्या वह्या इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. व्याह्यांनी त्यातलं एक पान उघडलं. ठसठशीत, जुन्या वळणाची आयरिश अक्षरं, डावीकडे आखलेला समास. हे त्यांच्या वडिलांचं हस्ताक्षर, वय बारा. वरच्या कोपऱ्यात शाईचा छोटा डाग.

त्या पानात लिहिलेलं त्यांनी मला सांगितलं. आजच्या रात्री घरधन्यानं मोठा पाव घ्यायचा, दारावर तीनदा आपटायचा आणि भुकेला हाकलायचं: आजपासून पुढच्या वर्षाच्या याच रात्रीपर्यंत तू तुर्कांच्या देशात चालती हो! मग उडालेले तुकडे सगळ्यांनी वेचून खायचे. दुष्काळात निम्मा गाव गेला, त्या गावच्या मुलानं आपल्या आजीच्या तोंडून ऐकून हे लिहिलं असणार. व्याही उठले, पाव घेतला आणि दारावर खरंच आपटला, एक, दोन, तीन. नात हसत सुटली आणि जमिनीवरचे तुकडे वेचायला लागली. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

५ आणि ६ जानेवारी, कॉर्क

सहा जानेवारी म्हणजे नॉलग ना मॉन, बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरी हे त्याचे बालेकिल्ले. नाताळभर बाई राबली, आता आज तिनं चूल बघायची नाही. पुरुषांनी घर सांभाळायचं आणि तिनं मैत्रिणी, बहिणी, आई यांच्याबरोबर बाहेर जायचं. विहीणबाईंच्या बहिणी कॉर्कला, म्हणून आम्ही तिघी आदल्या दिवशीच निघालो. वाटेत इंग्लिश मार्केट पाहिलं. १७८८ पासूनचा हा बाजार. कॉर्कचा नाताळ ज्यावाचून होत नाही ते मसाल्यात मुरवलेलं गोमांस तिथे मिरी-लवंगांच्या काळ्या थरात लपेटलेलं टांगलेलं होतं.

सहाला दुपारी हॉटेलात शिरलो तर सगळी टेबलं बायकांची. चार पिढ्यांची टेबलं होती. चहा, मनुकांचा केक, कडा कापलेली सँडविचं. पूर्वी असंच असे: पुरुषांच्या मोठ्या नाताळाला मांस आणि व्हिस्की, बायकांच्या नाताळाला चहा आणि गोडधोड. विहीणबाईंच्या थोरल्या बहिणीनं सांगितलं, "आमची आई टर्की पाळायची. नाताळापूर्वी विकायची. त्या पैशाला बाबा हात लावत नसत. मुलांचे बूट त्यातूनच यायचे, आणि दोन शिलिंग ती आजच्या दिवसासाठी बाजूला काढायची." वर्षातून एकदाच, स्वतःच्या पैशानं, स्वतःसाठी. टेबलावर सगळ्या थोडा वेळ आपापल्या आयांबद्दल बोलत राहिल्या. मीही बोलले, माझ्या आईच्या कोंबड्या आणि अंड्यांच्या पैशाबद्दल. लेकीनं ते पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन वाजला. आज रात्री सगळी सजावट उतरायची असते, पुढे ठेवली तर अपशकुन. व्याही आणि जावई शिडी लावून कामाला लागले होते आणि विचारत होते, हॉली टाकून देऊ का? "अजिबात नाही!" विहीणबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारच्या टेबलावरच्या बायकाही वळून हसल्या. "गोठ्यात बांधून ठेव. लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपासांच्या, आदल्या दिवशी पॅनकेक करायचेत, त्या चुलीला तीच लागते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तोवर राहा ना तुम्ही!" लेकीनं मोबाइलवर तारीख बघितली. थोरल्या बहिणीनं आणखी चहा मागवला.